आंतरराष्ट्रीय रँकिंग बोलिंग स्पर्धा : ठाणे-नवी मुंबईतल्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात टेनपिन बोलिंग, म्हणजे लांब लेनवरून जड बॉल सोडून त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना पाडायचा खेळ, मनापासून खेळणारी मंडळी आहेत. मॉलमधल्या लेनवर हात बसला, मित्रमंडळींत आपणच जिंकायला लागलो, की पुढे काय, हा प्रश्न येतो. सिंगापूर, बँकॉक किंवा क्वालालंपूरच्या ओपन स्पर्धेबद्दल कानावर आलेलं असतं, पण नीट माहिती देणारं कोणी भेटत नाही. खेळाडू आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट तुम्हाला अनेक उत्तरांत दिसेल : कुठल्या लेनवर पडला हे कळल्याशिवाय स्कोअरला अर्थ नसतो. ते ठासून सांगावंसं वाटतं, म्हणून ते परत परत येतं.

रँकिंग स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

ज्या स्पर्धेतल्या क्रमांकावर तुम्हाला एखाद्या मान्य यादीत गुण मिळतात, ती रँकिंग स्पर्धा. खेळाची जागतिक संघटना म्हणजे इंटरनॅशनल बोलिंग फेडरेशन. १९५२ साली ती एफआयक्यू या नावाने सुरू झाली, मध्ये काही वर्षं तिचं नाव वर्ल्ड बोलिंग होतं, आणि आता तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे आहे. तिच्याखाली खंडवार संघटना येतात. आपल्याकडे ती एशियन बोलिंग फेडरेशन, आणि देशात टेनपिन बोलिंग फेडरेशन (इंडिया).

आशियात सिंगापूर, मलेशिया, थायलंड, हाँगकाँग, मकाव, कुवेत अशा ठिकाणी आंतरराष्ट्रीय ओपन भरत आल्या आहेत आणि त्यांतल्या काही आशियाई टूरचे टप्पे राहिल्या आहेत. युरोपात युरोपियन बोलिंग टूर २००० साली सुरू झाली. अमेरिकेत पीबीए ही व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९५८ पासून आहे, तिचा हिशेब वेगळा. आपल्यासारख्यांना जवळची आणि परवडणारी वाट आशियाई ओपनची.

ओपन म्हणजे कोणीही खेळू शकतं? की राष्ट्रीय संघात असावं लागतं?

ओपनसाठी राष्ट्रीय संघात असण्याची गरज नसते. जागतिक अजिंक्यपद, आशियाई अजिंक्यपद अशा स्पर्धांना मात्र देशाचा संघ जातो आणि तो फेडरेशनच्या निवडीतून ठरतो. ओपनच्या प्रवेशपत्रिकेत बहुतेक वेळा तुमच्या देशाच्या मान्यताप्राप्त संघटनेचं सभासदत्व मागितलेलं असतं, काही ठिकाणी फेडरेशनची संमतीही लागते. म्हणून पहिलं काम राज्य संघटनेमार्फत नोंदणी. ती आधी करा, विमानाचं तिकीट नंतर काढा. हा क्रम उलटा केलेली मंडळी शेवटच्या आठवड्यात धावपळ करताना दिसतात.

मॉलमध्ये माझा गेममागे एव्हरेज १८० आहे. तिकडे किती पडेल?

कमी. वीस-तीस पिनांनी खाली आलात तर दचकू नका, तो तुमचा खरा आकडा समजा आणि तिथून वर चढा.

कारण समजून घ्यायचं तर लेन समजून घ्यावी लागते. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट लांब असते. रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच, आणि त्या रुंदीत ३९ बोर्ड, म्हणजे पट्ट्या. एक बोर्ड जेमतेम एका इंचापेक्षा थोडा जास्त. या लेनवर यंत्राने तेल पसरलेलं असतं. तेल दिसत नाही, म्हणून नव्या खेळाडूला ते नाहीच असं वाटतं. पण बॉल कधी सरळ घसरेल आणि कधी वळेल, हे सगळं तेच ठरवतं. क्रिकेटमध्ये वानखेडेची खेळपट्टी आणि पर्थची खेळपट्टी वेगळी, तसंच हे, फक्त इथली खेळपट्टी डोळ्यांनी दिसत नाही.

नेहमीच्या सेंटरमध्ये तेलाचा जो पॅटर्न, म्हणजे नमुना, टाकतात त्याला हाउस शॉट म्हणतात. मधल्या बोर्डांवर भरपूर तेल, कडेच्या बोर्डांवर अगदी थोडं, अनेकदा आठ-दहा पटींचा फरक. याचा फायदा काय? उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्या भागावर पकड घेऊन आत वळतो, चुकून आत राहिला तर तेलावर घसरत सरळ राहतो. दोन्ही चुका लेन पोटात घालते. रँकिंग स्पर्धेत जो पॅटर्न असतो त्याला स्पोर्ट पॅटर्न म्हणतात. त्यात मधलं आणि कडेचं तेल यांतला फरक बराच कमी. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने अशा पॅटर्नसाठी तीनास एक ही मर्यादा धरली होती, म्हणजे मधलं तेल कडेच्या तिपटीहून जास्त नको. इथे तुम्ही दोन बोर्ड बाहेर गेलात तर बॉल परत येत नाही, दोन बोर्ड आत गेलात तर पहिल्या पिनेच्या नाकावर जाऊन आदळतो आणि समोर स्प्लिट उभा राहतो, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मॉलमधल्या लेन वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी असतात. तेलाचं यंत्र दररोज फिरेलच असं नाही, आणि दिवसभर शेकडो बॉल गेल्यावर पुढचा भाग कोरडा पडतो. तिथे बॉल सुरुवातीपासूनच वळतो, आणि आपल्याला वाटतं आपला हुक, म्हणजे बॉलचं वळण, जबरदस्त आहे. ताज्या तेलावर तोच हात टाकला की बॉल सरळ गटारात, म्हणजे लेनच्या कडेच्या खाचेत, जातो. त्यामुळे १८० हा एव्हरेज कुठला, कोरड्या लेनवरचा की हाउस शॉटवरचा, हे आधी स्वतःला विचारा. लेनची देखभाल करणाऱ्या टेक्निशियनशी ओळख करून घ्या. यंत्र कधी फिरलं एवढं तो सांगू शकतो, आणि मन लावून खेळणाऱ्या माणसाला ही मंडळी आनंदाने मदत करतात.

ऑइल पॅटर्नचा कागद मिळतो म्हणे. तो कसा वाचायचा?

बऱ्याच स्पर्धांत पॅटर्न आधी जाहीर होतो. जागतिक संघटनेच्या कित्येक पॅटर्नना ऑलिंपिक भरलेल्या शहरांची नावं आहेत, पीबीएच्या पॅटर्नना चीता, शार्क, स्कॉर्पियन अशी प्राण्यांची. नावात अडकू नका. कागदावर तीन गोष्टी बघा.

पहिली लांबी. फाउल लाइनपासून किती फुटांपर्यंत तेल आहे, ते. साधारण ३६ फुटांपर्यंतचा आखूड, ४२ च्या पुढचा लांब, मधले मध्यम. यातून एक सोपा हिशेब निघतो : लांबीतून ३१ वजा करा. ४१ फुटांचा पॅटर्न असेल तर १०. म्हणजे तेल संपतं तिथे बॉल कडेपासून साधारण दहाव्या बोर्डाच्या आसपास असायला हवा. ३५ फुटांचा असेल तर चौथा बोर्ड, अगदी गटारीच्या काठाला. ४५ चा असेल तर चौदावा, म्हणजे आत राहूनच खेळायचं. हा नियम पहिल्या दहा मिनिटांच्या सरावापुरता अंदाज देतो. पुढचं बॉल सांगतो.

दुसरी गोष्ट तेलाचं प्रमाण. तेल जास्त असेल तर बॉल उशिरा वळतो, आणि त्या तेलात पकड घेणारा खरखरीत पृष्ठभागाचा बॉल लागतो. तिसरी गोष्ट मघाचं गुणोत्तर, मध्य आणि कड यांतला फरक. तो जितका कमी, तितकी लेन तुमच्या चुका कमी माफ करणार.

आणि कागदावर नसलेली चौथी गोष्ट : तेल हलतं. आजचे रिअॅक्टिव्ह, म्हणजे लेनवर जोरात पकड घेणारे, बॉल तेल शोषतात. सहा गेम होईपर्यंत सगळ्यांनी वापरलेली वाट कोरडी होते, तिथून टाकलेला बॉल लवकर वळायला लागतो. उजव्या हाताचे खेळाडू मग हळूहळू डावीकडे सरकतात, आत तेल शोधत. डावखुरे थोडे असल्यामुळे त्यांची बाजू सावकाश बदलते. आपल्या लेनवर अगोदरच्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या तुकडीत, कोण खेळलं, कुठून खेळलं, हे बघायला एक तास आधी जाऊन बसा. स्पर्धेत फुकट मिळणारी सगळ्यात मोलाची माहिती तीच.

पात्रता फेरी कशी असते? री-एंट्री म्हणजे काय?

ओपनची नेहमीची पद्धत अशी : पात्रता फेरी म्हणजे साधारण सहा गेमचा एक ब्लॉक. दिवसात अनेक स्क्वॉड असतात, तुम्ही तुमचा स्क्वॉड निवडता. सहा गेमची बेरीज म्हणजे तुमचा स्कोअर. बेरीज १२६० झाली तर एव्हरेज २१०. मनासारखं पडलं नाही तर परत पैसे भरून पुन्हा सहा गेम खेळता येतात, त्याला री-एंट्री म्हणतात, आणि तुमचा सर्वांत चांगला ब्लॉक धरला जातो. सगळे स्क्वॉड संपल्यावर वरचे ठरावीक खेळाडू पुढे जातात. त्या रेषेला कट म्हणतात. कटनंतर बाद फेऱ्या, आणि शेवटी पुष्कळदा स्टेपलॅडर : चौथा तिसऱ्याशी, जिंकणारा दुसऱ्याशी, मग पहिल्याशी.

री-एंट्रीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या परदेशी स्पर्धेत दोन प्रवेशांचं बजेट ठरवा आणि तिथेच थांबा. थकलेल्या हाताने, रात्रीच्या शेवटच्या स्क्वॉडला, "आता तरी पडेल" म्हणून भरलेली तिसरी-चौथी फी सहसा वाया जाते. काही स्पर्धांत सुरुवातीच्या स्क्वॉडना फी कमी असते किंवा काही जागा राखीव असतात. लवकर खेळण्यात फायदा आहे. तेलाची ओळख होते आणि मध्ये विश्रांतीही मिळते.

डेस्परॅडो स्क्वॉड काय असतो?

पात्रतेच्या अगदी शेवटी, एकाच गेमचा. त्या एका गेमवर थोडे खेळाडू कटमध्ये जातात. नशीब आणि ताजा हात. मजा आहे, पण त्याच्या भरवशावर प्रवास आखू नये.

गुण कसे मिळतात?

क्रमांकावर, आणि स्पर्धेच्या दर्जावर. युरोपियन टूरमध्ये प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, सॅटेलाइट अशा पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर त्याच क्रमांकाला जास्त गुण. वर्षाच्या शेवटी बेरजेनुसार यादी लागते. आशियाई टूरमध्येही तत्त्व तेच राहिलं आहे : टप्प्याटप्प्याने गुण, आणि शेवटी वरच्यांना अंतिम स्पर्धेचं आमंत्रण.

पालक विचारतात, "पहिल्या वर्षी किती गुण मिळतील?" प्रामाणिक उत्तर शून्याच्या जवळपास. हरकत नाही. कट किती पिनांनी हुकला ते लिहून ठेवा. पहिल्या स्पर्धेत १५० पिनांनी हुकला आणि पुढच्या वर्षी त्याच सेंटरवर ६० पिनांनी, तर मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गेमला पंधरा पिनांनी सुधारली आहे. गुणांच्या यादीत हे कुठेच दिसत नाही, पण खरी प्रगती हीच.

स्कोअरिंग दोन प्रकारचं असतं का?

हो, आणि यावरून पहिल्यांदा गेलेल्यांची फार तारांबळ उडते. गेम दहा फ्रेमचा, म्हणजे दहा पाळ्यांचा, आणि फ्रेमला दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडल्या तर स्ट्राइक, दोन बॉलांत पाडल्या तर स्पेअर. नेहमीच्या पद्धतीत स्ट्राइकला दहा अधिक पुढचे दोन बॉल, स्पेअरला दहा अधिक पुढचा एक बॉल. शेवटच्या फ्रेमचे जादा बॉल धरून बारा स्ट्राइक सलग, म्हणजे ३००. दुसऱ्या पद्धतीला करंट फ्रेम स्कोअरिंग म्हणतात. काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत, विशेषतः अंतिम फेऱ्यांत, ती वापरली गेली आहे. तिच्यात स्ट्राइकला थेट ३०. स्पेअरला दहा अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या बॉलवर पडलेल्या पिना. पुढच्या फ्रेमची वाट बघायची नाही.

फरक किती पडतो बघा. एक स्ट्राइक, एक स्पेअर, पुन्हा स्ट्राइक, असा गेम खेळलात तर जुन्या पद्धतीत बरोबर २०० होतात. नव्या पद्धतीत, प्रत्येक स्पेअरला आधी ९ पडले असतील तर, पाच स्ट्राइकचे १५० आणि पाच स्पेअरचे ९५, एकूण २४५. आणि एकही स्ट्राइक नाही, पण दहाही फ्रेमला ९ आणि स्पेअर, असा गेम दोन्ही पद्धतींत १९० च. हा १९० लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

स्ट्राइक वाढवू की स्पेअर?

स्पेअर. आधी स्पेअर, नंतरही स्पेअर.

उजव्या हाताच्या खेळाडूला स्ट्राइकसाठी बॉल १ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये, म्हणजे पॉकेटमध्ये, साधारण सहा अंशांच्या कोनात शिरायला हवा. सरळ बॉलने तो कोन मिळतच नाही, म्हणून हुक. पण अवघड पॅटर्नवर जगातले चांगले खेळाडूही दर फ्रेमला स्ट्राइक टाकत नाहीत. मात्र ते एकटी राहिलेली पिन सहसा सोडत नाहीत. दहा फ्रेमला फक्त ९ आणि स्पेअर करत गेलात तरी १९०, आणि बऱ्याच कठीण पॅटर्नवर हा आकडा तुम्हाला कटच्या आसपास ठेवतो.

सरावासाठी एक जुनी, पक्की पद्धत आहे : ३-६-९. उजव्या हाताच्या खेळाडूने स्ट्राइकचं लक्ष्य तेच ठेवायचं. डावीकडे २ नंबरची पिन उरली तर पाय ३ बोर्ड उजवीकडे, ४ नंबर उरली तर ६, कोपऱ्यातली ७ उरली तर ९. उजवीकडच्या पिनांसाठी उलट, डावीकडे सरकायचं. कोपऱ्यातल्या १० नंबरसाठी बहुतेक खेळाडू साधा पॉलिएस्टरचा, म्हणजे प्लास्टिकचा, बॉल वापरतात. तो तेलाची फारशी दखल घेत नाही आणि सरळ जातो. म्हणून मॉलच्या कोरड्या लेनवर केलेला या बॉलचा सराव परदेशात जसाच्या तसा उपयोगी पडतो. इथे बसून करता येण्यासारखी सगळ्यात कामाची तयारी मला हीच वाटते. तासाभराच्या सरावात अर्धा वेळ फक्त ७ आणि १० वर घालवा. मित्र कंटाळतील. कंटाळू दे.

महिलांना हँडिकॅप मिळतो का?

स्पर्धा एकत्र असेल तर अनेक ठिकाणी मिळतो. युरोपियन टूरवर महिलांना प्रत्येक गेमला ८ पिनांचा बोनस असतो. सहा गेमच्या ब्लॉकला तो ४८ होतो, कटच्या रेषेवर ही मोठी रक्कम आहे. एका गेममध्ये बोनस धरूनही स्कोअर ३०० च्या वर जात नाही. काही स्पर्धांत महिलांचा गट वेगळा असतो, तिथे बोनसचा प्रश्न नाही. तरुण आणि ज्येष्ठ खेळाडूंसाठीही काही स्पर्धांत तरतूद असते. पत्रिका वाचा.

मुलींच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बोलिंग प्रदर्शनीय खेळ होता, तेव्हा महिलांमध्ये पहिली आली ती फिलिपिन्सची आरियान सेर्देन्या. मलेशियाची शालिन झुल्किफ्ली, सिंगापूरची शेना इंग, या आशियातल्या मुलींनी जगाला हरवलं आहे. शेनाने २०१२ चा बोलिंग वर्ल्ड कप जिंकला. सिंगापूर देशाचा आकार आपल्या मुंबई महानगराच्या तुलनेत केवढा, हे नकाशावर एकदा मुलांना दाखवा.

किती बॉल न्यायचे? विमानात वजनाचं काय?

नियमाने बॉलचं जास्तीत जास्त वजन १६ पाउंड. बहुतेक खेळाडू १४ किंवा १५ पाउंडाचा वापरतात. १५ पाउंड म्हणजे सुमारे ६.८ किलो. तीन बॉल झाले की वीस किलो, त्यावर बॅग, बूट, कपडे. तुमच्या तिकिटावर किती किलो आहेत ते आधी बघा, विमानतळावरचं जादा वजन फार महागात पडतं. हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा असेल तर एका बॉलनेच ती भरते.

पहिल्या स्पर्धेला तीन पुरेत : तेलात पकड घेणारा एक रिअॅक्टिव्ह, थोडा चकचकीत आणि कमी वळणारा दुसरा, आणि स्पेअरचा प्लास्टिक. पाच-सहा बॉल घेऊन जाणारे दिसतात, पण नवख्याला जास्त बॉल म्हणजे जास्त गोंधळ.

दोन नियम लक्षात ठेवा. बॉल मान्यताप्राप्त यादीतला हवा, आणि त्यावर बोटं घालण्यासाठी न वापरलेलं छिद्र नको. तोल साधण्यासाठी पाडलेलं जादाचं छिद्र पूर्वी चालायचं, अमेरिकन नियमांत १ ऑगस्ट २०२० पासून ते बंद झालं. कोणाकडून जुना बॉल विकत घेत असाल तर हे आधी तपासा. आणि बॉलचा पृष्ठभाग घासायचं पॅड फिरवायचं ते स्क्वॉड सुरू होण्याआधी, खेळ चालू असताना नाही.

परत येताना कस्टम्समध्ये अडवतात का?

नवे दिसणारे चार बॉल बघितले तर विचारू शकतात. जाताना विमानतळावर कस्टम्सच्या काउंटरवर सामान दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यासाठी वेळ लागतो, घोडबंदरची गर्दी धरून घरातून तासभर लवकर निघा. बॉलचे अनुक्रमांक एका कागदावर लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा.

भाड्याचे बूट चालतील?

नियमाने चालतीलही, पण तुमच्या गुडघ्याला चालणार नाहीत. चांगल्या बुटात एका पायाचा तळ घसरणारा आणि दुसऱ्याचा पकड घेणारा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय घसरतो. बदलता येणारे तळ आणि टाचा मिळतात, कारण प्रत्येक सेंटरचा अप्रोच, म्हणजे बॉल सोडण्याआधी पावलं टाकायची जागा, वेगळा. कुठे पाय फार घसरतो, कुठे चिकटतो.

आपल्याकडे पावसाळ्यात हे फार जपायला हवं. बूट घालून बाहेर गेलात, प्रसाधनगृहात गेलात, तळाला एक थेंब पाणी लागलं, की पुढच्या बॉलला घसरणारा पाय जागीच अडकतो आणि माणूस तोंडावर आपटतो. गुडघा, घोटा, मनगट, काहीही जाऊ शकतं. बुटांवर घालायची कापडी खोळ स्वस्त असते, ती बॅगेत ठेवाच. आणि पहिल्या सरावाच्या बॉलआधी बॉल न सोडता एकदा पाय घसरवून बघा.

ठाणे-नवी मुंबईत सराव कुठे आणि कसा करायचा?

ठाण्यातल्या आणि वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये जाऊन आधी लेन बघा. मशीन कुठलं आहे, बॉल परत नीट येतो का, अप्रोच स्वच्छ आहे का. शनिवार-रविवार विसरा. आठवड्यातल्या सकाळी जा, तेव्हा लेन रिकाम्या असतात आणि व्यवस्थापकाशी बोलून गेमऐवजी तासाच्या हिशेबाने लेन मिळते का विचारा. चार-पाच जणांनी मिळून विचारलं तर ऐकतात. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बॉलची बॅग घेऊन चढायचं तर गर्दीची वेळ टाळा.

पण एक मर्यादा मान्य करायला हवी. सहा गेमचा स्पोर्ट पॅटर्नवरचा सराव मॉलमध्ये होत नाही. त्यासाठी वर्षातून दोन-तीनदा तरी बंगळुरूसारख्या ठिकाणी जावं, जिथे राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत आणि स्पर्धेचं तेल टाकण्याची सवय आहे. तोच पैसा आणखी एका परदेशी री-एंट्रीवर घालण्यापेक्षा मी इथे घालीन.

आमच्या मॉलमध्ये पिनांना दोऱ्या बांधलेल्या आहेत. त्यावरचा स्कोअर धरतात का?

स्ट्रिंग मशीन स्वस्त आणि सोपं, म्हणून ते वाढतं आहे. दोरीमुळे पिना वेगळ्या तऱ्हेने पडतात, आडवी लोळत जाऊन दुसरीला पाडणारी पिन कमी दिसते. अमेरिकेच्या संघटनेने २०२३ मध्ये स्ट्रिंग पिनला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली, म्हणजे दोन्हींचे स्कोअर एका मापाने मोजत नाहीत. सरावाला हरकत नाही, स्पेअरच्या सरावाला तर मुळीच नाही. एव्हरेज मात्र वेगळा लिहा.

मुलगी तेरा वर्षांची आहे. कितीचा बॉल, आणि कधी पाठवू?

जो बॉल ती सहा गेम, खांदा न उचलता, हात सैल सोडून टाकू शकेल तो. पहिल्या दोन फ्रेमला जड बॉल चालतो, पाचव्या गेमला मनगट दुखतं, तेव्हा निर्णय पाचव्या गेमवर घ्या. वाढत्या वयात बोटं जाड होतात, छिद्रांचं माप वर्षाला तपासा.

आधी राज्य, मग राष्ट्रीय, मग परदेश. एकवीस वर्षांखालच्यांसाठी जागतिक अजिंक्यपद असतं, २०२२ मध्ये ते स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गला झालं. घाई नाही. दहावीच्या वर्षी आठवड्यातून एकदा स्पेअरचा सराव चालू ठेवला तरी हात राहतो.

दोन्ही हातांनी टाकलेलं चालतं का? प्रशिक्षक नको म्हणतात.

नियमाने पूर्ण मान्य. फिनलंडचा ऑस्कू पालेरमा आणि ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्ट यांनी ही शैली जगभर नेली, आणि बेलमॉन्ट पीबीएच्या इतिहासात सर्वाधिक मेजर, म्हणजे सर्वांत मानाची, विजेतेपदं मिळवणारा खेळाडू आहे. मुलाला ती सहज येत असेल तर मोडू नका. पाठ आणि कंबर मात्र मजबूत करून घ्या, वाक जास्त असतो.

बोलिंग ऑलिंपिकमध्ये का नाही? एशियाडमध्ये आहे ना?

१९८८ नंतर ऑलिंपिकमध्ये नाही. टोकियोसाठी २०१५ मध्ये आठ खेळांच्या यादीपर्यंत पोचलं होतं, निवड झाली नाही. आशियाई स्पर्धांत १९७८ मध्ये बँकॉकला पहिल्यांदा आलं. १९८२ ला दिल्लीत नव्हतं, १९८६ ला सोलमध्ये होतं, नंतर २०१८ च्या जाकार्तापर्यंत बराच काळ टिकलं, हांगझोला वगळलं गेलं. राष्ट्रकुल स्पर्धांत फक्त एकदा, १९९८ मध्ये क्वालालंपूरला. ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या वर्ल्ड गेम्समध्ये १९८१ ला आलं आणि २०२२ पर्यंत होतं. कर्णबधिरांच्या डेफलिंपिक्समध्ये मात्र आहे. त्यामुळे कर्णबधिर मुलांच्या पालकांनी हा खेळ जरूर बघावा.

सर्दीची गोळी घेतली तर?

आंतरराष्ट्रीय बोलिंगला उत्तेजकविरोधी नियम लागू आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर दोषी ठरता. दमा, रक्तदाब, मधुमेह यांची औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधी करा.

पहिली स्पर्धा कुठली निवडू?

जिथे पॅटर्न आधी जाहीर होतो, पात्रतेचे दिवस भरपूर असतात आणि सेंटरजवळ साधं हॉटेल मिळतं, ती. सिंगापूरला व्हिसा लागतो, तो वेळेत काढा. पोचल्यावर पहिला दिवस खेळू नका. सेंटरमध्ये बसा, दोन स्क्वॉड पूर्ण बघा, कोण कुठल्या बोर्डावरून खेळतंय ते वहीत लिहा. शक्य असेल तर अधिकृत सरावाचा एक तास घ्या, तोही स्पर्धेच्याच तेलावर. कॉलर असलेला शर्ट, पाठीवर नाव, हे पत्रिकेत असेल तर इथूनच शिवून न्या.

एकट्याने जावं की गटाने?

शक्यतो तिघं-चौघं. खोलीचा खर्च वाटला जातो, पण त्याहून मोठा फायदा लेनवर आहे. तुम्ही सकाळच्या स्क्वॉडला खेळलात, दुसरा दुपारी, तर तेल कसं बदललं हे एकमेकांना सांगता येतं. प्रत्येक गेमनंतर लेनची जोडी बदलते, आणि कुठली जोडी लवकर कोरडी पडते हे चौघांच्या वहीतून कळतं. एकाचे गेम चालू असताना बाकीच्यांनी मागे बसून त्याचा बॉल कुठल्या बोर्डावर वळतो एवढंच सांगावं. हात असा ठेव, पाय तसा ठेव, हे सल्ले हॉटेलवर परतल्यावर.